जीपवरचं गाणं

बाबा, तुमच्यावर पाचशे शब्द लिहून द्या असं मला एक संपादक सांगून गेला आहे. यवतमाळच्या जुन्या कलावंतांवर स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात 'जिल्ह्यातला एकमेव जॅझ वादक आणि गायक' म्हणून तुम्हाला अख्खं पान मिळणार आहे. लेखाला नावही त्यानंच आणलं होतं, 'एक बहुरंगी कारकीर्द'. ते ऐकून मला हसू आलं, आणि तो बिचारा समजला की मी भारावले. मी शाळेत मराठी शिकवते, पाचशे शब्द म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पण चार दिवस झाले, कागद कोराच आहे. एकमेव असण्याचं कौतुक मला कळत नाही. गावात एकच माणूस एखादी गोष्ट करत असेल, तर बाकीच्यांना ती करावीशी वाटली नाही इतकाच त्याचा अर्थ होतो. आणि खरी अडचण वेगळीच आहे. त्या पानात जीपवरच्या गाण्याचं काय करायचं? म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा हे कुठं टाकायचा प्रश्नच येत नाही.

तुमची कारकीर्द बहुरंगी होती हे मात्र मान्य. आजोबा कचेरीत हेडक्लार्क, तिन्ही काका सरकारी नोकरीत, आत्या पोस्टात. घरात सगळे साडेदहाला बाहेर पडायचे आणि सहाला परत यायचे. तुम्हाला बी. कॉम. करायला नागपूरला पाठवलं तर तुम्ही रेल्वेच्या क्लबात एका म्हाताऱ्या बँडमास्तराच्या नादी लागलात आणि ट्रॉम्बोन नावाची ती लांबलचक पितळी नळी घेऊन मुंबईला पळालात. मग हॉटेल. हॉटेलात तुम्ही मागच्या रांगेत बसून वाजवायचात, पण घरी सांगताना असं सांगायचात की तुमचा श्वास थांबला असता तर अख्ख्या मुंबईचं जेवण अडलं असतं. हॉटेलवाल्यांनी बँड ठेवणं बंद केलं तेव्हा तुम्ही सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागलात. एका गाण्याच्या मधल्या तुकड्यात तुमचा ट्रॉम्बोन आहे. ते गाणं रेडिओवर लागलं की तुम्ही हात वर करून सगळ्यांना गप्प करायचात, आणि आम्ही कान टवकारेपर्यंत तो तुकडा संपलेला असायचा. मग सर्कस, जिथं हत्ती आत येताना वाजवायचं. मग राजूरच्या खाणीतल्या साहेबांच्या क्लबात वर्षाअखेरचं गाणं-बजावणं, जिथं तुम्ही इंग्रजी गाणी म्हणायचात आणि त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ तुम्हालाही माहीत नसायचा. आणि शेवटी यवतमाळ. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, लग्नाचा बँड. ज्या गल्लीतून पळून गेला होतात त्याच गल्लीतून तुम्ही गाल फुगवत वरातीपुढे चालायचात, आणि आत्या खिडकी लावून घ्यायची.

ट्रॉम्बोनवाले सगळ्यांत पुढच्या रांगेत चालतात, कारण नळी पुढे सरकवायला मोकळी जागा लागते. हे तुम्ही मला अशा थाटात सांगितलं होतं की जणू पहिली रांग कर्तबगारीवर मिळते. एकदा ती नळी नवरदेवाच्या घोड्याच्या नाकाला लागली आणि घोडा नवरदेवासकट बस स्टँडच्या दिशेनं गेला. वर्गातल्या मुली पुढे आठवडाभर मला घोड्याची चाल करून दाखवत होत्या. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "घोड्याले ताल नाही समजत." तुमच्या आयुष्यात जे जे बिघडलं त्यात दुसऱ्या कोणालातरी ताल समजत नव्हता.

आणि ते आपलं स्वयंपाकघर. तुम्ही पाटावर बसला आहात, ट्रॉम्बोनचे दोन तुकडे मांडीवर आहेत, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गजाला गुंडाळून नळी आतून पुसणं चालू आहे. नळी गुळगुळीत सरकावी म्हणून तिला आईचं कोल्ड क्रीम लावता. आई स्वतःच्या तोंडाला ते फक्त दिवाळीत लावायची. मग नळीतली थुंकी नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर झटकता. मग नळी जोडून, हात लांब करून शिंकाळ्यातली वाटी घेता आणि ट्रॉम्बोनच्या तोंडावर धरून उघडझाप करत वाजवता, म्हणजे त्यातून माणूस कुरकुरल्यासारखा आवाज निघतो.

"अहो, ते वरनाची वाटी हाय," आई म्हणते.

"हॉटेलात याले म्यूट म्हनत," तुम्ही म्हणता. "वाटी तुमच्यासाठी."

त्याच वाटीत संध्याकाळी वरण. मला त्याला पितळेचा वास यायचा, आणि तसं म्हटलं की तुम्ही हसायचात. मी ती वाटी बदलून मागायची, आई मुकाट्यानं आपली वाटी माझ्यापुढे सरकवायची.

तुमचा आवाज चांगला नव्हता हेही एकदा लिहून टाकते. कोणी तोंडावर म्हटलं नाही, कारण तुम्ही गाताना इतके खूश दिसायचात की बोलायची चोरी व्हायची. आवाज घोगरा, सूर खालून उचलत आणायची सवय, शब्दाचा शेवट गिळायची सवय, आणि जिथं शब्द आठवत नसे तिथं डूबी-डाबी-डू. शेजारचे हसायचे. पण एक आहे, तो आवाज एकदा ऐकला की विसरता यायचा नाही. त्यावरच तर पुढचं सगळं झालं.

कापसाची ती वाईट वर्षं आली तेव्हा बँडचं काय झालं हे त्या संपादकाला माहीत नाही. त्यानं वर्तमानपत्रात जे वाचलं ते वेगळं. गावोगावची लग्नं आटली. ज्या घरात तीन दिवस मांडव असायचा तिथं एका सकाळी देवळात हार घालून मोकळे होऊ लागले. मग पुढारी मंडळींनी सामूहिक विवाह सुरू केले. एका मैदानात चाळीस नवरदेव ओळीनं बसायचे आणि चाळीस जणांत मिळून एक बँड. तुम्ही एकच चाल वाजवत त्या ओळीसमोरून फिरायचात, कुठल्या नवरदेवासमोर किती वेळ थांबायचं यावरून मामेमंडळी भांडायची. त्यातही तुम्ही मधूनच आपला जॅझ घुसवायचात. मी एकदा मैदानाच्या कडेला उभी राहून ते पाहिलं. चाळीस जोडपी, समोर भाषण करणारा माणूस, आणि लाल कोटातला माझा बाप डोळे मिटून मुंबईत. माणसानं आपल्या आयुष्याची इतकी शोभा करून घेऊ नये, असं माझ्या मनात आलं, आणि मी तुमच्याकडे न येता घरी गेले.

त्याच उन्हाळ्यात तो बियाण्याच्या कंपनीचा एजंट बँडच्या दुकानात आला. जीप, वर दोन भोंगे, पेरणीच्या आधी महिनाभर गावागावांत फिरायचं, गाणं म्हणायचं, मध्ये ट्रॉम्बोन. त्याला वेगळा आवाज हवा होता. तुम्ही घरी आलात ते इतके उजळून की मला वाटलं, मुंबईचं बोलावणं आलं. "आता आपलं गानं व्हनार," तुम्ही म्हणालात. चाल तुमच्याजवळ आधीच होती, हॉटेलच्या दिवसांतली, कोणाची कोण जाणे. शब्द तुम्हाला बापजन्मी जुळले नसते. मी एम. ए. मराठी होऊन घरी बसले होते, नोकरीचे अर्ज टाकत होते. म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावून समोर बसवलंत आणि एजंटानं दिलेला मजकुराचा कागद माझ्यापुढे ठेवलात.

गाणं फुलसावंगी या गावापासून सुरू झालं. तुम्ही जीपच्या टपावर खुर्ची बांधून घेतली होती. पंधरा दिवसांत ते पोरासोरांच्या तोंडी झालं. यवतमाळच्या मंडईत भाजी आणायला जावं तर भाजीवाली गुणगुणते आहे. 'काळी असो का बरड माती, पांढरं सोनं येईल हाती.' 'काळी'मधला 'का' तुम्ही वरून खालपर्यंत ओढत आणायचात आणि मागोमाग ट्रॉम्बोन तसाच खाली सरकायचा. लोक तेवढ्यासाठी जीप दोनदा थांबवायचे. मोसम संपल्यावर एजंटानं तुम्हाला कंपनीचं नाव लिहिलेली एक मोठी हिरवी छत्री दिली. ती तुम्ही मला दिलीत. "हे तुही," म्हणालात. आयुष्यात तुम्ही मला आपणहून दिलेली ती एकच वस्तू, आणि तीसुद्धा जाहिरातीची.

मग पाऊस आला आणि नंतर महिनाभर गायब झाला. विहीर असलेल्यांचं काहीतरी निभलं. बाकीच्यांच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, गुडघ्याएवढ्या होऊन थांबल्या, बोंडं सुपारीएवढी असतानाच वाळली. त्या बियाण्याला पाणी लागत होतं. एजंटाच्या कागदावर ते स्पष्ट होतं, 'फक्त ओलिताखालच्या जमिनीसाठी'. पाकिटावरही होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. गाण्यात नव्हतं.

दिवाळीनंतर मला बोरी अरबजवळच्या एका गावी शाळेत नोकरी लागली. खोली पाहायला तुम्ही माझ्यासोबत आलात. मी नको म्हटलं होतं. बाजाराचा दिवस होता, ऊन होतं, माझ्या हातात ती हिरवी छत्री. तुम्ही एका दुकानदाराशी खोलीबद्दल बोलत होतात. शेजारी मिरच्या निवडत बसलेला एक म्हातारा उठला आणि तुमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुमीच व्हय ना ते जीपवाले? आवाज ओयखला मी."

तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, कौतुक आहे. तुम्हाला नेहमी तसंच वाटायचं.

"माही तीन एकर कोरडवाहू हाये," तो म्हणाला. "अख्खी वाऊन गेली. पोरीनं मंग पाकीट वाचून दाखोलं. म्हने, ओलितासाठीच व्हतं हे. मले एवढंच इचारायचं हाये, तुमच्या गान्यात ते काहून नव्हतं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आणखी चारपाच जण थांबले. दुकानदार म्हणाला, "बुढ्या, पाकीट वाचून घ्या लागत होतं ना." म्हातारा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आमी गानं आयकून घेतलं."

मी छत्री मिटली. कंपनीचं नाव आतल्या घडीत जाईल अशी नीट गुंडाळली आणि तुमच्यापासून दोन पावलं बाजूला सरकले.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. डोक्यावरची टोपी काढलीत आणि म्हणालात, "तो शब्द मी खाल्ला, दादा. कागदावर व्हता. सुराच्या नादात मीच खाल्ला. चूक माही हाये."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "गानं मात्र चांगलं व्हतं, मास्तर," आणि परत मिरच्यांपाशी जाऊन बसला.

परतीच्या एस.टी.त मी तुम्हाला काय बोलले ते मला पाठ आहे. मी म्हटलं, तुम्हाला आयुष्यभर सुरापुढे काही दिसलं नाही. बी. कॉम. दिसलं नाही, आजोबा दिसले नाहीत, आई दिसली नाही, आणि आता लोकांची शेतंही दिसली नाहीत. मी म्हटलं, मला तिथं नोकरी करायची आहे, उद्यापासून तिथली पोरं मला जीपवाल्याची पोरगी म्हणतील. तुम्ही खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "चूक माही, असं कोनाले तरी म्हनाच लागते." मी त्यावरही चिडले.

आणि तसंच झालं, पण मला वाटलं होतं तसं नाही. गावात कळलंच. लोक विचारायचे, मॅडम, ते जीपवाले तुमचे वडील काय? मी म्हणायची, हो, पण मी त्यांच्याशी बोलत नाही. ते ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर यायचा. बापाची चूक झाकत नाही, अशी मॅडम. त्या गावात माझी जी किंमत झाली ती तुम्हाला नावं ठेवून झाली. मुलांना मी शुद्ध आणि खरं लिहायला शिकवत होते, आणि खरं न बोलणाऱ्या माणसाचं उदाहरण म्हणून, नाव न घेता, तुम्हाला वापरत होते. मी वर्गात अगदी रंगून सांगायची. तुमचीच मुलगी ना.

तुम्ही त्यानंतर गायला नाहीत. ट्रॉम्बोन वाजवायचात, सामूहिक विवाहात, खुर्चीवर बसून, सरळ चाल, मध्ये जॅझ नाही. वाटीसुद्धा शिंकाळ्यातच राहिली. आई फोनवर सांगायची, "ते आता गुनगुनतही नाहीत गं." मी म्हणायची, नाटकं आहेत. सात वर्षं तुम्ही ते नाटक केलंत आणि मग गेलात.

आता गाण्याचे शब्द जुळवले तो स्वयंपाकघरातला दिवस पुन्हा लिहिते, कारण वर मी तो अर्धाच लिहिला आहे. सकाळची वेळ आहे. आई तांदूळ निवडते आहे. मी एजंटाच्या कागदावरून पहिली ओळ केली आहे, 'ओलिताखाली काळी माती, पांढरं सोनं येईल हाती.' ओळ वाईट नाही. तुम्ही म्हणून बघता आणि अडखळता. "इथं मले नळी वरून खाली आनायची हाये," तुम्ही म्हणता, "पहिला शब्द दोन अक्षराचा, लंबा वढता येईल असा पाह्यजे. ओलिताखाली म्हनजे लय लहान लहान तुकडे झाले. थोडं इकडतिकडं कर." थोडं इकडेतिकडे करता आलं असतं. तो शब्द दुसऱ्या ओळीत घालता आला असता, शेवटी घालता आला असता, आणखी एक कडवं करता आलं असतं. पण मला कंटाळा आला होता. एम. ए. झालेल्या मुलीनं बियाण्याची जाहिरात लिहायची आणि तीसुद्धा बँडवाल्या बापासाठी, याचा मला मनापासून तिटकारा आला होता. मी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'काळी असो का बरड माती'. दोन मिनिटं लागली असतील. तुम्ही म्हणून बघितलंत, नळी सुरेख खाली आली, आईसुद्धा हसली.

मग तुम्ही थांबलात. कागद जवळ घेतलात, दूर धरलात. तुम्हाला चष्मा लागला होता आणि तुम्ही तो करत नव्हतात. म्हणालात, "अन् ते ओलिताचं कुठं गेलं?"

"पाकिटावर असतंच की, बाबा," मी म्हटलं. "गाण्यात कशाला?"

"काहून, अडानी मानूस पाकीट वाचते काय?"

"मग तुम्हीच लिहा," मी म्हटलं.

तुम्हाला शब्द जुळवता येत नव्हते हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. म्हणूनच मी ते बोलले. मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "तू म्हनतं तं ठीक हाये. शिकेल तू हायेस."

इतकंच. त्या गावच्या बाजारात म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा त्याचा प्रश्न मला होता, आणि ते तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिथं तिसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या हॉटेलाचा, सर्कशीचा, लाल कोटाचा मला तिटकारा होता हे खरं आहे, तो आजही आहे. पण तुम्हाला नावं ठेवायची मला इतकी सवय झाली, तिचं कारण तो कोट नव्हता.

काल लेख लिहून झाला. पाचशे शब्द, एकही खोडाखोड नाही. नागपूर, मुंबई, सर्कस, राजूर, सगळं घेतलं. जीपचं गाणं गाळता येईना, कारण जुन्या लोकांना तुमचं तेवढंच आठवतं. म्हणून एक वाक्य घातलं, 'या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही त्यांचेच.' आज संपादक लेख घ्यायला आला. त्यानं इथंच खुर्चीत बसून तो वाचला आणि त्या वाक्यापाशी थांबून कौतुकानं वर बघितलं.

"म्हणजे सर गाणी लिहायचेसुद्धा?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.